पुंजारामच्या पाठीखालची चुंबळ

मित्रांनो, मी एक जुनी चुंबळ आहे, आणि स्वभावाने रागीट आहे. जुन्या वस्तू तुम्हाला आपली कहाणी सांगतात तेव्हा शेवटी सगळ्यांना माफ करून मोकळ्या होतात. माझ्याकडून तसली अपेक्षा ठेवू नका. मी ज्याच्यावर डूख धरला, त्याच्यावर तो आजही धरून आहे.

तुमच्यापैकी कित्येकांनी चुंबळ पाहिलीही नसेल. नळ आले तशा आम्ही घराघरांतून गेलो. बाई डोईवर पाण्याची घागर घेते, तेव्हा घागरीचं बूड टाळूला टोचू नये म्हणून मधे कापडाचं एक घट्ट वेटोळं ठेवते. ते वेटोळं म्हणजे मी. तीर्थपुरीकडच्या एका खेड्यात एका आईने आपलं विटलेलं हिरवं लुगडं फाडलं, पट्ट्या पिळल्या, गोल गुंडाळल्या आणि लाल दोऱ्याने टाचून मला तयार केलं. तिच्या थोरल्या लेकीचं, पुष्पाचं, लग्न होतं. रुखवतात भांडी बेताचीच होती, त्यामुळे मी चांगली उठून दिसत होते. आलेल्या बायका मला हातात घेऊन दाबून पाहायच्या आणि कशी टणक बसली आहे म्हणून कौतुक करायच्या.

पुष्पाबाई सासरी आली ती राजूरजवळच्या एका वाडीत. नवरा पुंजाराम, आणि त्याची विधवा आई चतुराबाई. घरात माणसं एवढीच, पण दोघांच्या आवाजाने घर भरून जायचं. पुंजाराम कामाला दणकट होता, हे मान्य करते. पण त्याचा हात कामापेक्षा बायकोवर जास्त चालायचा. चतुराबाई त्या वेळी तांदूळ निवडायला बसायची आणि एकेक खडा इतका निरखून पाहायची की दुसरं काही दिसूच नये.

बहात्तरच्या दुष्काळात विहिरी आटल्या. पुष्पाबाई दिवसभर सरकारी कामावर खडी फोडायची, पाट्या वाहायची आणि संध्याकाळी लांबच्या झऱ्यावरून पाणी आणायची. पाटीखाली मीच, घागरीखालीही मीच. एका संध्याकाळी झऱ्यावर गर्दी झाली, तिला उशीर झाला, भाकरी वेळेवर पडली नाही. पुंजाराम दारातच उभा होता. तिने घागर खाली ठेवेपर्यंतही त्याला दम निघाला नाही. त्याने उघड्या तळव्याची अशी चपराक तिच्या डाव्या कानावर ओढली की घागर फुटली, पाणी सांडलं आणि मी चिखलात पडले. मग पाणी सांडलं म्हणून त्याने तिला आणखी मारलं. कानातून रक्त आलं. पुढे कित्येक दिवस तो कान वाहत राहिला आणि मग बंद झाला तो कायमचाच.

मारलं ते मारलं, पुढे त्याने जे केलं ते ऐका. बायकोला डाव्या बाजूची हाक ऐकू येईना, तेव्हा गावात विचारणा होऊ लागली. त्यावर मायलेकांनी सांगून टाकलं की पोरगी आधीपासूनच बहिरी होती, तिच्या बापाने लपवून आमच्या गळ्यात मारली. तिचा बाप धावत आला. त्याला ओसरीवर बसवून ठेवलं, कोणी पाणीसुद्धा विचारलं नाही. म्हातारा देवाच्या शपथा घेत राहिला आणि लोक एकमेकांकडे बघून हसत राहिले. मान खाली घालून तो परत गेला आणि वर्षभरात वारला. त्याच्या घरी धाकटी लेक होती, तुळजा. सोयरीक जुळवायला येणारे लोक चौकशी करायचे, त्या घराण्यात बहिरेपण आहे हे कानावर पडायचं आणि ते परत यायचे नाहीत. पोरीचं वय वाढत चाललं.

मी त्या संध्याकाळी पुष्पाबाईच्या डोक्यावर होते, मित्रांनो. घडलेलं सगळं मी पाहिलं होतं. पण चुंबळीची साक्ष कोण काढतो?

दोन-तीन वर्षं गेली. ज्वारी निघाली आणि पुंजाराम गाडीवर कडबा रचत असताना वरून खाली आला तो थेट दगडावर, पाठीवर. त्याला जालन्याला नेलं. पाठीचा मणका मोडला आहे, कमरेखालचं अंग परत येणार नाही, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. घरी सोडताना त्याला या कुशीवरून त्या कुशीवर वळवत राहा, असंही ते चतुराबाईला बजावून म्हणाले. पुष्पाबाई तेव्हा बाहेर गाडी बघत होती. चतुराबाईने ते ऐकलं आणि तिथेच सोडून दिलं. गाईबैलाचा पाय मोडला की त्याला बांबूच्या कामट्या बांधतात आणि हाड सांधेपर्यंत जनावराला हलू देत नाहीत, हे तिने जन्मभर पाहिलेलं होतं. मोडक्या पाठीच्या लेकाला हलवायचं, हे तिला वेड्यासारखं वाटलं. तिने बाज चांगली ताणून कसून घेतली, मोठ्या पाहुण्यासाठी कसतात तशी, आणि लेकाला तिच्यावर उताणा ठेवला. कोणी त्याला हात लावायचा नाही, असा हुकूम सोडला.

पुष्पाबाईला काय वाटलं म्हणाल तर तिला बरं वाटलं. आता हा हात आपल्यापर्यंत पोचणार नाही, हे तिच्या ध्यानात आलं आणि त्या दिवशी ती पोटभर जेवली.

काही दिवसांनी त्याचं अंग पुसताना तिला त्याच्या माकडहाडावर एक लाल चट्टा दिसला. त्याला तिथलं काही कळत नव्हतं, त्यामुळे त्याची तक्रार नव्हती. ताणलेल्या दोरांचा वळ असेल असं तिला वाटलं. घागर टाळूला टोचू नये म्हणून चुंबळ असते, तर बाज हाडाला टोचू नये म्हणूनही चुंबळच हवी, असा तिने सरळ विचार केला. कुठल्याही बाईने तोच केला असता. तिने मला खुंटीवरून काढलं, झटकलं आणि त्याच्या पाठीखाली नेमकं त्या चट्ट्याभोवती बसवलं.

इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली तो माणूस आपणहून माझ्यावर येऊन पडला होता. मला त्याचा सूड घ्यायचा होता आणि त्यासाठी मला बोटभरही हलावं लागलं नाही. डोक्यावर असते तेव्हा मी एका जागी कधी नसते. बाई चालते, मान सावरते, बांधावर घागर उतरवून घाम पुसते, मला काढून पुन्हा नीट करते. तेवढ्यात टाळूला रक्त मिळून जातं. इथे ओझं उतरवायला कोणी येतच नव्हतं. माझ्या कडांनी चारी बाजूंनी मांस दाबून धरलं आणि मधल्या भागाला रक्त पोचेना. ते गार पडत चाललेलं मला कळत होतं. मला त्याचा आनंद होत होता.

चट्टा जांभळा झाला, मग काळा पडला, मग फुटला. घरात वास सुटला. चतुराबाईने चुलीतली राख आणून जखमेत भरली, त्यावर हळद दाबली आणि लेकाला पुन्हा माझ्यावर उताणा ठेवला. माश्या घोंगावू लागल्या. ऐन उन्हाळ्यात पुंजारामला हुडहुडी भरून ताप चढला आणि तो असंबद्ध बोलू लागला. मी मनातल्या मनात दिवस मोजत होते.

तापातच एका दुपारी तो मोठ्याने बोलला. सासूसून दोघीही तिथेच होत्या.

"तिचा कान म्याच फोडला," तो म्हणाला. "बहिरी न्हवती ती. तिच्या बापाला बोलवा, म्या खोटं बोललो."

पुष्पाबाईने चांगला कान त्याच्याकडे करून ऐकलं. मग ती सासूला म्हणाली, "आत्याबाई, ऐकलंत न्हवं?"

"वातात बडबडून राह्यला," चतुराबाई म्हणाली. "तापल्या माणसाचं काय मनावर घ्यायचं."

 पुष्पाबाईच्या मनात काय आलं ते मला बरोबर कळलं आणि मी हादरले. हा असाच मेला तर खरं त्याच्याबरोबर सरणावर जाणार होतं. तो वातात बडबडला, एवढंच गाव म्हणणार होतं. तिचा बाप लबाडच राहणार होता आणि तुळजा घरातच राहणार होती. पुंजारामने बरं व्हायला हवं होतं, थंड डोक्याने बोलायला हवं होतं. मला तो मेलेला हवा होता आणि माझ्या मालकिणीला तो जिवंत हवा होता. आमचं त्या दिवशी फाटलं.

ती तशीच उन्हात राजूरला चालत गेली आणि तिथल्या सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाईंना घेऊन आली. त्यांचं नाव उषाबाई. त्यांनी पुंजारामला कुशीवर वळवलं आणि मी उघडी पडले, पुवाने भिजलेली. जखम माझ्याच मापाची गोल होती.

ही कोणी ठेवली, असं उषाबाईंनी विचारलं. त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी पुष्पाबाईचा हात धरून तिचं बोट पुंजारामच्या टाचेवर दाबायला लावलं. तिथेही लाली आली होती. दाबलं की लाली पांढरी पडते आणि सोडलं की परत येते तोवर रक्त चालू आहे, त्या म्हणाल्या. दाबूनही ती लालच राहिली तर आत मांस मरायला लागलं असं समजायचं. खाली गोल काही ठेवलं की कडा दाबल्या जातात आणि मधला भाग उपाशी मरतो.

"याला औषधापेक्षा तुमचे हात पाहिजेत, बाई," उषाबाई म्हणाल्या. "एका अंगावर फार वेळ ठेवायचंच नाही. दिवसा नाही, रात्री नाही. तेवढं जमलं तर वाचेल."

"वाचंल न्हवं?" पुष्पाबाईने विचारलं. "शुद्धीवर येऊन बोलंल?"

काय माया आहे या बाईची नवऱ्यावर, असं उषाबाईंच्या चेहऱ्यावर दिसलं. मला हसावं की रडावं कळेना.

त्यांनी राख धुऊन काढली, मेलेलं मांस कात्रीने कापलं, दवाखान्यातून इंजेक्शनं आणून टोचली. पुष्पाबाईने मला उचललं आणि अंगणातल्या कुडावर भिरकावून दिलं. इतकी वर्षं जिच्या डोक्यावर बसले, तिने मला वळूनही पाहिलं नाही. कुडावरून दार समोरच होतं, त्यामुळे पुढचं सगळं मला दिसलं. पाहून जीव जळत होता, तरी मी पाहत राहिले.

पुष्पाबाईने बाजेचे दोर सैल केले आणि वर जाड गोधडी अंथरली. तिची एकही सुरकुती ती राहू द्यायची नाही. सरकी काढलेला कापूस भरून तिने लहान लहान उशा शिवल्या. एक गुडघ्यांच्या मधे, एक पाठीमागे, एक पोटऱ्यांखाली, म्हणजे टाचा अधांतरी राहायच्या. ओलं झालं की लगेच बदलायचं, अंग कोरडं ठेवायचं. जुन्या लुगड्याच्या पट्ट्या उकळायच्या, कडक उन्हात वाळवायच्या आणि मीठ घालून उकळून गार केलेल्या पाण्याने जखम धुऊन त्या बांधायच्या. त्याने ताकदीचं खायला हवं होतं, आणि चतुराबाईच्या चुलीला अंडं चालत नव्हतं. पुष्पाबाईने अंगणात तीन दगड मांडले आणि तिथे अंडी उकडली. सासूने पदर नाकाला लावला, पण लेकाच्या तोंडात अंडं जाताना ती काही बोलली नाही.

घरात घड्याळ नव्हतं. ऊन उंबऱ्याला लागलं की डावी कूस, भोकरदनची गाडी सडकेवर भोंगा देऊन गेली की उजवी, उन्हाची तिरीप चौकटीवर चढली की पुन्हा डावी. त्याला ओढायची नाही, कातडी सोलवटते म्हणून. खांद्याला आणि गुडघ्याला धरून लाटल्यासारखं अलगद वळवायची. आणि वळवून झालं की दर वेळी त्याच्या कानाशी तोंड नेऊन एकच विचारायची.

"माझा कान कशानं गेला?"

आधी तो तापात काहीबाही बरळायचा. ताप उतरला आणि मग तो गप्प राहू लागला. तोंड फिरवून घ्यावं तर थोड्या वेळाने तीच त्याला आपल्याकडे वळवायची आणि पुन्हा तेच विचारायची. एवढ्या दणकट माणसाला आपली मानगूट सोडवता येईना. कुडावर बसून मला पहिल्यांदाच वाटलं की माझ्यापेक्षा हिचं बरं चाललं आहे.

गावाने तिला सावित्री ठरवून टाकलं. बायका यायच्या, नवऱ्याची कशी सेवा करते म्हणून कानशिलावर बोटं मोडायच्या. ती मान डोलावायची आणि उकळत्या पातेल्यात काठीने पट्ट्या ढवळत राहायची.

पेरण्या झाल्या तेव्हा जखमेत डाळिंबाच्या दाण्यांसारखं लालबुंद मांस भरायला लागलं होतं. पोळ्यापर्यंत ते वर आलं. कडेने पातळ कातडी आत सरकू लागली आणि दिवाळी उलटून गेल्यावर एके दिवशी जखम मिटली. उषाबाईंनी बोट दाबून पाहिलं, समाधानाने मान हलवली आणि हे वळवणं आता जन्मभराचं आहे, असं सांगून गेल्या.

त्या दिवशी पुष्पाबाईने विचारलं तेव्हा पुंजारामने पहिल्यांदा उत्तर दिलं. "म्या असलं काही बोललोच न्हाई," तो म्हणाला. "तू बहिरीच होती."

त्याची पाठ बरी झाली होती आणि तिच्याबरोबर त्याची जीभही. माझा संताप संताप झाला. पुष्पाबाई चुलीपाशी जाऊन बसली आणि पदरात तोंड खुपसून रडली. एवढ्या महिन्यांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. मग सडकेवर गाडीचा भोंगा वाजला आणि ती डोळे पुसून त्याला वळवायला उठली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी भोकरदनकडचे कडूबा नावाचे एक वयस्कर गृहस्थ घरी आले. त्यांनी आपल्या मुलासाठी तुळजाला पाहिलं होतं. मुलगी पसंत होती, पण बहिरेपणाची गोष्ट त्यांच्याही कानावर आली होती. सोयरीक करण्याआधी थोरल्या मुलीच्या सासरी जाऊन विचारावं, म्हणून ते मुद्दाम आले होते.

चतुराबाईने घोंगडी अंथरली आणि लगेच सुरू केलं. फसवलं आम्हाला, घराणंच तसलं, धाकटीचंही काय सांगावं. कडूबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि बाजेकडे तोंड करून पुंजारामलाच विचारलं की तुम्ही काय म्हणता.

पुंजाराम तेव्हा उजव्या कुशीवर होता. उन्हाची तिरीप चौकटीवर चढली होती, म्हणजे वळवायची वेळ झाली होती. पुष्पाबाई आली. तिने एक हात त्याच्या खांद्यावर ठेवला, एक गुडघ्यावर. त्या दिवशी तिने काही विचारलं नाही. तिने दोन्ही हात काढून घेतले, उंबऱ्यावर जाऊन बसली आणि पाहुण्यांकडे बघत राहिली.

तिरीप चौकटीवरून भिंतीवर गेली. पुंजारामला आपल्या कमरेखालचं काही कळत नव्हतं, पण तो वास त्याला आठवत असणार. त्याच्या कपाळावर घाम आला. त्याने आईकडे पाहिलं. आईने त्याला एकदाही वळवलं नव्हतं. त्याने उंबऱ्याकडे पाहिलं. पुष्पाबाई हलली नाही.

"बहिरी न्हवती," तो शेवटी म्हणाला. "भाकरीला उशीर झाल्ता. डोईवर घागर असताना म्या कानाखाली मारलं. तव्हा कान गेला. तिच्या बापाचा काही दोष न्हाई."

"वातात बोलून राह्यला तो," चतुराबाई घाईने म्हणाली. "त्याला ताप येत असतो."

कडूबा उठले. त्यांनी बाजेपाशी जाऊन पुंजारामच्या कपाळावर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच राहू दिला.

"अंग थंडगार हाय, बाई," ते म्हणाले. "ताप बिलकुल न्हाई."

त्या थंडगार अंगासाठी माझ्या मालकिणीने किती उन्हं आणि किती झोपा घालवल्या, हे मला ठाऊक होतं. मित्रांनो, त्या क्षणी मला कळलं की तिचा सूड माझ्यापेक्षा कितीतरी मोठा होता. मी त्याला मारून गप्प केलं असतं. तिने त्याला जगवून बोलतं केलं.

तुळजाचं लग्न ठरलं. पुष्पाबाई माहेरी निघाली, बाप गेल्यानंतर पहिल्यांदाच. निघण्याआधी तिने सासूला बाजेपाशी उभं केलं आणि कसं धरायचं, कसं लाटायचं, कुठल्या उशा कुठे, सगळं तिच्याकडून करवून घेतलं. चतुराबाई धापा टाकत लेकाला वळवत होती आणि पुष्पाबाई कंबरेवर हात ठेवून, चुकलं की पुन्हा करायला लावत होती. मग ती अंगणात आली, पावसात धुऊन उन्हात वाळलेल्या मला तिने कुडावरून काढलं, झटकलं, डोक्यावर ठेवलं आणि माझ्यावर कपड्यांचं गाठोडं घेतलं.

आतून पुंजारामने विचारलं की आता मी सगळं सांगून टाकलं आहे, तर तू परत येशील ना.

"येईन," ती दारातून म्हणाली. "लग्नात चार गावचे लोक जमतील. कुणाला खरं वाटलं न्हाई तर त्यो हितं येऊन इचारील. त्याला सांगायला तुम्ही जिते पाह्यजे."

आणि आम्ही राजूरच्या सडकेला लागलो.

मला आता कोणी डोईवर घेत नाही. अंग विरलं आहे, लाल दोरा तुटला आहे. तरी तुम्हाला एक सांगते. तुमच्या घरात कोणी अंथरुणाला खिळलं तर त्याला एका अंगावर पडून राहू देऊ नका. त्याला वळवा, कोरडं ठेवा, हाडांवरची लाली बोटाने दाबून पाहत जा. त्याच्यावर तुमची माया असली तर उत्तमच, नसली तरी वळवा. आणि त्याच्या पाठीखाली चुकूनही माझ्यासारखी चुंबळ ठेवू नका. तिने कोणावर डूख धरला असेल, हे तुम्हाला कळायचं नाही.